बेसिक विचारलं की डोकं कोरं होतं

‘मॅडम, पेपर द्या, लिहून दाखवते. पण मुलाखतीत बेसिक विचारलं की डोकं कोरं होतं.’ गोव्यातल्या वेर्णा-कुंडईच्या औषध कंपन्यांत क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, जागांसाठी धडपडणारी बायोटेकची मुलं माझ्याकडे येतात, ती हेच सांगतात. त्यांतल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिला अमिता म्हणू.

अमिता सत्तरी तालुक्यातली, एमएस्सीला उत्तम गुण. एका मुलाखतीत तिला ‘अँटिजेन आणि अँटिबॉडीत फरक काय?’ एवढंच विचारलं आणि ती गप्प झाली.

‘शाळकरी प्रश्न होता, मॅडम. तोच येऊ नये मला?’

‘त्या क्षणी मनात काय चाललं होतं?’

बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘व्याख्या आठवत होते. अर्धीच आठवली. चुकलं तर म्हणतील, हिला डिग्री कुणी दिली?’

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. माझ्या मते मुलं प्रश्नाला घाबरत नाहीत, ‘मला हे यायलाच पाहिजे’ या स्वतःच्याच हुकमाला घाबरतात. अमिताला हे पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि तोंडातून उत्तर बाहेर पडणं वेगळं.

गणेश चवथीच्या आधी एकदा ती दमून आली. घरात काकीला डेंग्यू झाला होता. रिपोर्ट तिच्या पर्समध्येच होता: एनएस१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. ‘काकी विचारते, म्हणजे अर्धाच डेंग्यू का?’

‘मग तू काय सांगितलंस?’

ती सावरून बसली. रिपोर्टवर बोट ठेवून सांगू लागली. ‘एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन. ताप आल्याबरोबर रक्तात सापडतं. आयजीएम आपलं शरीर त्याच्याविरुद्ध बनवतं, त्याला चार-पाच दिवस लागतात. काकीच्या तापाचा दुसराच दिवस होता. आठवड्याने तपासलं तर बहुतेक उलटं दिसेल.’

मी काहीच बोलले नाही. मुलाखतीतला तो प्रश्न कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवला. तिने तो वाचला, पुन्हा रिपोर्टकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. ‘मी आत्ता हेच बोलले की! एनएस१ म्हणजे अँटिजेन, आयजीएम म्हणजे अँटिबॉडी.’

असा क्षण ओढून आणता येत नाही. तो आला की ओळखायचा आणि तिथे आपण गप्प राहायचं, हे मी या कामात कमावलंय. काकीपुढे अमिताला हुशार दिसायचं नव्हतं, काकीला समजायला हवं होतं. लक्ष स्वतःवरून विषयावर गेलं आणि अडलेलं सगळं सुटलं.

तेव्हापासून सगळ्यांना सांगते, व्याख्येपासून सुरुवात करू नका, घरात घडणाऱ्या गोष्टीपासून करा. कुत्र्याने चावल्यावर लस देतात, मग जखमेत इम्युनोग्लोब्युलिन कशाला? लशीमुळे शरीर स्वतः अँटिबॉडी बनवतं, पण त्यात आठवडा-दोन आठवडे जातात. तोवरच्या संरक्षणासाठी तयार अँटिबॉडी देतात. सक्रिय आणि निष्क्रिय प्रतिकारशक्ती इथेच समजते. आजोबांचं इन्सुलिन घ्या. पूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. माणसाचा जीन ई. कोलाय जिवाणूत घालून बनवलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली. तो जीन कापला कशाने, जोडला कशाने, जिवाणूत नेला कशातून, असं विचारत गेलात की रिस्ट्रिक्शन एन्झाइम, लायगेज, प्लाझ्मिड ओळीने येतात. पीसीआर आणि एलायझा या चाचण्यांत गोंधळ होत असेल तर आधी विचारा, शोधायचं काय आहे? जनुकीय साहित्य असेल तर पीसीआर; अँटिजेन किंवा अँटिबॉडी असेल तर एलायझा.

ही उत्तरं मोठ्याने बोला, आणि विज्ञान न शिकलेल्या माणसापुढे बोला. तो ‘म्हणजे काय?’ विचारेल. त्याला द्याल तेच तुमचं मुलाखतीतलं उत्तर.

आणि येत नसेल तर? पुढच्या मुलाखतीत अमिताला वेस्टर्न ब्लॉट विचारलं. ती म्हणाली, ‘स्वतः केलेलं नाही. प्रथिनं आकारानुसार वेगळी करतात, पडद्यावर उतरवतात आणि हवं ते अँटिबॉडीने ओळखतात, इतकं माहीत आहे.’ समोरच्यांनी पुढचा प्रश्न त्या पडद्यावरूनच विचारला.