हळद, आवळा, ग्रीन टी: आधी काय?

ताई, त्वचेसाठी हळद, आवळा, ग्रीन टी यांतलं आधी काय सुरू करू असं विचारलंत ना? सगळं एकदम सुरू करू नका, नाहीतर पुरळ आली तर कशाने आली ते कळायचं नाही. त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचं मोठं नुकसान करतात ती उन्हातली अतिनील किरणं. त्यांनी त्वचेत एमएमपी नावाची विकरं (एन्झाइम) वाढतात आणि कोलॅजेनचे धागे तोडत सुटतात. ग्रीन टीतलं ईजीसीजी आणि हळदीतलं कर्क्युमिन ही द्रव्यं या विकरांना आवर घालतात; पण हे बहुतेक प्रयोगशाळेत, पेशींवर दिसलेलं. हळद चोपडून तसंच होईल असं नाही. चेहरा पिवळा मात्र नक्की होईल!

क जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. शरीराला कोलॅजेन बांधायलाच ते लागतं. आवळा, पेरू, आपली संत्री खा. क जीवनसत्त्वाचं सीरम घ्यायचंच तर गडद काचेची छोटी बाटली घ्या. नागपुरी उन्हाळ्यात ते खिडकीत ठेवलं की बिघडलंच समजा. तपकिरी झालं की फेकून द्या.

लिंबाचा रस लावून उन्हात जायचं नावच काढू नका. त्यातल्या फ्युरोकौमारिन या द्रव्यामुळे उन्हात काळे डाग पडतात, फोडही येतात.

सीताबर्डीला जाताना दुपट्टा बांधता ना? बांधा, पण त्याच्या आत सनस्क्रीनही लावा, निदान एसपीएफ ३०, आणि दर दोन तासांनी पुन्हा.