अमेरिकन गायिका बॉनी रेटच्या 'आय कान्ट मेक यू लव्ह मी' या गाण्यामागे खरी गोष्ट आहे का?

हो, आहे, आणि ती चक्क पेपरमधल्या बातमीतून आलीय. माइक रीड आणि ॲलन शॅम्बलिन या नॅशव्हिलच्या दोघांनी हे गाणं लिहिलं. रीडने वाचलं होतं की एका माणसाने दारू पिऊन प्रेयसीच्या गाडीवर गोळ्या झाडल्या, केस कोर्टात गेली, जजने विचारलं यातून काय शिकलास, तर तो म्हणाला की एखाद्या बाईचं आपल्यावर प्रेम नसेल तर ते जबरदस्तीने करवून घेता येत नाही. बस, एवढ्यावर गाणं सुरू झालं!

आधी ते फास्ट चालीचं ब्लूग्रास (बँजो-फिडलवरचं अमेरिकन लोकसंगीत) होणार होतं, मग स्लो केलं आणि तिथेच ते खरं सापडलं असं मला वाटतं. पूर्ण व्हायला महिनोन् महिने गेले. आणि हा रीड म्हणजे पूर्वीचा अमेरिकन फुटबॉलपटू बरं का, सिनसिनाटी बेंगल्स या टीमकडून खेळायचा, असल्या दांडगट खेळातला माणूस इतकं हळवं लिहितो याचं मला अजून नवल वाटतं.

1991 च्या 'लक ऑफ द ड्रॉ' अल्बममध्ये ते आलं, पियानोवर ब्रूस हॉर्न्सबी. बॉनीने मेन व्होकल एकाच टेकमध्ये गायलं, कारण तेवढं दुःख पुन्हा आणणं तिला जमेना. हेडफोन लावून ऐका, ती कुठेच आवाज चढवत नाही, शब्द नुसते सोडून देते, आणि शेवटी पियानो वाजत राहतो.