अमेरिकेत एखाद्या प्रदेशाचे (म्हणजे अजून राज्य न झालेल्या भागाचे) मतदार राज्यघटना मंजूर करतात म्हणजे काय करतात? गोव्यात तेच झालं होतं का?

गोव्याचं आधी सांगतो, ते चटकन संपतं: नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात प्रश्न एवढाच होता की महाराष्ट्रात विलीन व्हायचं (फूल) की केंद्रशासित राहायचं (दोन पानं). आमचे आजोबा फूलवाले, ३४,०२१ मतांनी हरले. पुढे ३० मे १९८७ ला राज्य झालं ते संसदेच्या कायद्याने. तेव्हा लोकांना कुणी विचारलं नाही. आणि आपल्याकडे राज्याला स्वतःची घटना नसतेच. जम्मू-काश्मीर अपवाद होता, तोही २०१९ ला संपला.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची घटना वेगळी. मला अलास्काची गोष्ट सगळ्यात आवडते. नोव्हेंबर १९५५ मध्ये फेअरबँक्सजवळच्या विद्यापीठात ५५ निवडून आलेले प्रतिनिधी जमले. अध्यक्ष बिल ईगन, वॉल्डीझ गावचा दुकानदार. तिथल्या त्या हिवाळ्यात बसून त्यांनी घटना लिहिली, फेब्रुवारीत सह्या केल्या. वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, राज्य द्यायचं कबूलच केलं नव्हतं, म्हणजे लग्न ठरायच्या आधी पत्रिका छापल्यासारखं!

२४ एप्रिल १९५६ ला मतदान झालं. घटनेच्या बाजूने १७,४४७, विरोधात ७,१८०. त्याच दिवशी आणखी दोन प्रश्न होते. एक, राज्य मिळायची वाट न बघता आपले सिनेटर निवडून वॉशिंग्टनला धाडायचे का (टेनेसीने १७९६ मध्ये हेच केलं होतं). दुसरा, सॅल्मन पकडायचे मोठे सापळे बंद करायचे का. हे सापळे मुख्यतः बाहेरच्या डबाबंद मासळीवाल्या कंपन्यांचे, नियम करणार वॉशिंग्टन, आणि स्थानिक मच्छीमाराच्या जाळ्यात येणारा मासा दरवर्षी कमी. सापळेबंदीला घटनेपेक्षाही जास्त मतं पडली, २१ हजारांवर. राज्य कशाला हवं होतं ते या आकड्यात दिसतं, घटनेच्या कलमांत शोधायची गरज नाही.

निवडलेल्या सिनेटरांना सभागृहात बसू दिलं नाही, पण त्यांनी तिथे राहून पाठपुरावा केला. ७ जुलै १९५८ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राज्य देणाऱ्या कायद्यावर सही केली. तरी काम संपलं नाही! २६ ऑगस्टला पुन्हा तीन प्रश्न लोकांपुढे: राज्य लगेच हवं का, सीमा मान्य का, जमिनीबाबतच्या वगैरे अटी मान्य का. एकावरही बहुमताने ‘नाही’ आलं असतं तर सगळंच बारगळलं असतं. तिन्हींना साधारण पाचास एक असा होकार मिळाला आणि ३ जानेवारी १९५९ ला अलास्का राज्य झालं.

वॉशिंग्टन घटनेत हातही घालू शकतं. ॲरिझोनाच्या मतदारांनी १९११ मध्ये मंजूर केलेल्या घटनेत न्यायाधीशांना मतदानाने परत बोलावण्याची सोय होती. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट स्वतः न्यायाधीश राहिलेले, त्यांनी नकाराधिकार वापरला. लोकांनी पुन्हा मतदान करून ती तरतूद निमूटपणे काढली. १४ फेब्रुवारी १९१२ ला राज्य मिळालं, आणि नोव्हेंबरात त्याच लोकांनी ती परत घातली.