काटा पडला तर आधी स्विच, मग माइक

पुणे

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

आता तू सेसना १५२ विमान सोडून पायपर पीए-२८ या विमानावर जाते आहेस. सेसनाच्या टाक्या वरच्या पंखात, पेट्रोल आपसूक खाली येतं. पायपरचे पंख खाली. म्हणून तिथं एक पंप इंजिनावर चालतो आणि जोडीला दुसरा विजेवरचा असतो.

इंजिन सुरू करण्याआधी विजेवरचा पंप लाव. टकटक ऐकू येईल आणि फ्युएल प्रेशरचा, म्हणजे पेट्रोलच्या दाबाचा, काटा हिरव्या पट्ट्यात चढेल. कार्ब्युरेटरच्या मॉडेलवर हा पट्टा ०.५ ते ८ पीएसआय. इंजिन लागलं की तो पंप बंद कर आणि काटा टिकतो का बघ. दोन्ही चालू ठेवून तपासलंस तर कुठला मेलाय ते कळणारच नाही. टेकऑफ, लँडिंग आणि टाकी बदलताना मात्र दोन्ही चालूच हवेत.

हवेत काटा पडला तर विजेवरचा पंप लाव, भरलेली टाकी निवड. नुसत्या पंपानं दाब परतला तर बहुधा इंजिनावरच्या पंपाचा पडदा फाटलाय. टाकी बदलल्यावर परतला तर आधीची टाकी रिकामी किंवा तिची वाट तुंबलेली. इंजिनाला आग असेल तर मात्र हाच पंप बंद कर, नाहीतर आगीला पेट्रोल मिळत राहील.

हे झाल्यावरच माइक, म्हणजे जमिनीवरच्या कंट्रोलशी रेडिओवर बोलणं. इथंच मुलं चुकतात. इंजिन दुसऱ्या पंपावर नीट चालतंय तर तीनदा 'पॅन पॅन', म्हणजे तातडी आहे पण जीव लगेच धोक्यात नाही. बंद पडतंय तर तीनदा 'मेडे', म्हणजे जीव धोक्यात, आणि ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीचा आकडा ७७००. 'मिनिमम फ्युएल' पंपासाठी कधीच नाही. आणखी उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लागेल, हे सांगायला तो शब्द आहे, आणि त्यानं प्राधान्य मिळत नाही. साठा मोडणार हे नक्की झालं की 'मेडे फ्युएल'. १९९० साली न्यूयॉर्कजवळ एव्हियांका कंपनीच्या फ्लाइट ५२ च्या वैमानिकांनी इंधन संपतंय असं सांगितलं, आणीबाणी जाहीर केली नाही. १५८ पैकी ७३ जण गेले.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर कंट्रोल हवाई दलाचा, लढाऊ विमानांची ये-जा असते. तेव्हा नुसतं 'फ्युएल प्रॉब्लेम' म्हणू नकोस. कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), 'इंजिन ड्रिव्हन फ्युएल पंप फेल्युअर', जागा, उंची, काय करणार, आत किती माणसं, आणि पेट्रोल किती वेळ पुरेल. हे शेवटचं तास-मिनिटांत सांग, लिटरमध्ये नको.

वीज तयार करणारा अल्टरनेटरही गेला असेल तर पंप आणि रेडिओ एकाच बॅटरीवर आले. बोलताना रेडिओ ऐकण्यापेक्षा बरीच जास्त वीज खातो. नको ते दिवे आणि दुसरा रेडिओ बंद कर, आणि निरोप एका दमात संपव.