‘तारण निवडा’ की ‘तारण पावा’?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील एका वाचकाने प्रार्थनासभेच्या मराठी-कन्नड पत्रकातल्या तीन ओळी पाठवल्या आहेत : “येशूने आपल्या पापांसाठी बलिदान दिले. तो तुमच्या पापांना माफ करील. आजच तारण निवडा.” त्यांचे म्हणणे असे, की ‘तारण’ म्हणजे सोसायटीत सोने ठेवून कर्ज काढतात ते, इथे ‘मोक्ष’ का नको? कन्नड बाजूला ‘रक्षणे’ छापले आहे, मग निदान ‘रक्षण’ तरी हवे होते का? आणि तारण निवडता येते का?

उत्तर : ‘तारण’ बरोबर आहे. ‘निवडा’ खटकते ते योग्यच. पण या ओळींत सर्वांत मोठा घोटाळा ‘आपल्या’ या साध्या शब्दाने केला आहे, म्हणून आधी तोच पाहू.

मराठीत ‘आपला’ कर्त्याकडे वळतो. ‘त्याने आपल्या कर्जासाठी शेत विकले’ म्हटले की कर्ज त्याचेच. त्याच न्यायाने पत्रकातले पहिले वाक्य, येशूने स्वतःच्या पापांसाठी प्राण दिला, असेही वाचता येते. ख्रिस्ती श्रद्धा याच्या नेमकी उलट आहे : येशू निष्पाप होता आणि तो इतरांच्या पापांसाठी मेला. नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात (७:२७) हाच भेद मुद्दाम सांगितला आहे. यहुदी महायाजकाला आधी स्वतःच्या पापांसाठी आणि मग लोकांच्या पापांसाठी यज्ञ करावा लागे. येशूला पहिल्याची गरज नव्हती. म्हणजे एका सर्वनामाने सगळा अध्यायच उलटा होतो. ‘आपण सगळे’ या अर्थाचा ‘आपला’ मराठीत आहे आणि सभेत बोलताना तो नीट पोचतोही, पण छापील ओळीत त्याचा भरवसा नाही. कन्नडात हा घोळ होत नाही, कारण तिथे ‘नम्म’ (आमच्या, सर्वांच्या) आणि ‘तन्न’ (स्वतःच्या) असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘नम्म पापगळिगागि’चे भाषांतर ‘आपल्या पापांसाठी’ असे न करता ‘तुमच्या-आमच्या पापांसाठी’ असे करावे.

आता ‘बलिदान’. बेळगावात हा शब्द कानावर पडला की १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि १९५६ साली सीमालढ्यात गोळीबारात गेलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. ध्येयासाठी प्राण देणे हा त्या शब्दाचा आजचा रूढ अर्थ. ख्रिस्ती अर्थात तोही आहे, पण तेवढाच नाही. तिथे मागे जुन्या करारातली यज्ञव्यवस्था उभी आहे आणि ती माहीत नसेल तर ‘पापांसाठी बलिदान’ म्हणजे नेमके काय हे उलगडत नाही.

लेवीय या पुस्तकाच्या पहिल्या काही अध्यायांत पाच प्रकारची अर्पणे सांगितली आहेत : होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. होमार्पणात जनावर वेदीवर पूर्ण जाळत. शांत्यर्पणात चरबी वेदीवर, काही वाटा याजकाला आणि उरलेले मांस आणणाऱ्याच्या घरच्यांना. पापार्पण हे नकळत घडलेल्या पापासाठी. ते ऐपतीप्रमाणे असे : साध्या माणसाला शेळी किंवा मेंढी, ती झेपत नसेल तर दोन पारवे किंवा होले, तेही झेपत नसतील तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे सुमारे दोन लिटर, आणि त्यावर तेल किंवा धूप घालायचा नाही. (गरिबासाठी रक्ताशिवाय वाट ठेवलेली होती, ही गोष्ट प्रवचनांत फार क्वचित सांगितली जाते, सांगायला हवी.) दोषार्पणाला आणखी एक अट होती. लुबाडलेली वस्तू परत करायची, वर पाचवा हिस्सा भरायचा, आणि मग मेंढा आणायचा. नुकसान भरून न देता नुसता मेंढा आणून चालत नसे.

वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी महायाजक स्वतःसाठी गोऱ्हा मारी आणि लोकांसाठी आणलेल्या दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकी. एकाचे रक्त तो पवित्रस्थानाच्या अगदी आतल्या भागात नेऊन दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, शिंपडी. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे कबूल करी आणि त्याला रानात सोडून देई. हे दरवर्षी व्हायचे. इब्री लोकांस पत्राचा सगळा युक्तिवाद याच ‘दरवर्षी’वर आहे : जे पुन्हा पुन्हा करावे लागते त्याने पाप कायमचे गेलेले नाही, ख्रिस्ताने एकदाच, सर्वकाळासाठी एकच यज्ञ केला. म्हणून मराठी बायबलात अशा ठिकाणी ‘यज्ञ’ आणि ‘अर्पण’ हे शब्द येतात. ‘बलिदान’ ठेवायचेच असेल तर त्याला जोड द्यावी : ‘पापांबद्दलचे अर्पण म्हणून बलिदान’. नुसता ‘बळी’ मात्र टाळावा. वर्तमानपत्रांनी तो अपघाताच्या आकड्यांना जोडून टाकला आहे, आणि ‘येशू बळी गेला’ म्हणजे तो सापडला आणि मेला असे होते, तर योहानाच्या शुभवर्तमानात (१०:१८) तो आपला प्राण आपण होऊन देतो असे म्हटले आहे. कॅथलिक पत्रक असेल तर आणखी एक बाब : मिस्सा (भाकरी आणि द्राक्षारस अर्पण करण्याची त्यांची उपासना) हेही त्यांच्या श्रद्धेत बलिदानच आहे, कन्नडात तर तिचे नावच ‘बलिपूजे’. पण ते नवे बलिदान नव्हे. क्रुसावरचेच एकमेव बलिदान तिथे उपस्थित होते, अशी शिकवण आहे. म्हणून ‘दर रविवारी नवे बलिदान’ असे कुणी लिहिले तर तेही चूक.

‘पापांना माफ करील’ हा बेळगावी मराठीतला कन्नडचा ठसा. कन्नडात ‘पापगळन्नु क्षमिसु’ अशी द्वितीया येते, तिचे ‘ना’ झाले. मराठीत ‘पापांची क्षमा करणे’ आणि ‘माणसाला क्षमा करणे’ : वस्तूला षष्ठी, व्यक्तीला चतुर्थी. ‘माफ’ हवेच असेल तर ‘पाप माफ करील’, जसे ‘दंड माफ’. क्षमेसाठी ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ ‘सोडून देणे’ असा आहे, आणि प्रभूच्या प्रार्थनेच्या मत्तयातील रूपात ऋण सोडण्याचीच भाषा आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात धनी दहा हजार तालांत सोडतो आणि तोच चाकर जोडीदाराचे शंभर दिनार सोडत नाही. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे सहा हजार दिनार. दोन्ही रकमांचे प्रमाण सहा लाखास एक असे पडते. ज्याला आकडे सांगितले त्याला दाखल्याची धार कळते, नाहीतर ‘पुष्कळ कर्ज’ आणि ‘थोडे कर्ज’ एवढेच हाती लागते.

‘प्रायश्चित्त’ हा शब्द तुमच्या पत्रकात नाही, पण अशा पत्रकांत तो हमखास येतो आणि दोन पंथांत दोन अर्थांनी येतो. बायबलात प्रायश्चित्त याजक करतो, पाप्यासाठी करतो. योहानाच्या पहिल्या पत्रात (२:२) ख्रिस्त स्वतःच पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. कॅथलिक संस्कारात मात्र पश्चात्ताप, याजकापुढे कबुली (कोकणी बोलणाऱ्यांचा ‘कुमसार’) आणि मग याजकाने नेमून दिलेले प्रायश्चित्त, अशी पाप्याने करायची तीन कामे आहेत. तेव्हा ‘ख्रिस्ताने प्रायश्चित्त केले’ आणि ‘तू प्रायश्चित्त कर’ ही दोन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी. कर्ता न लिहिता ‘प्रायश्चित्त झाले’ म्हणून सोडून देणे तेवढे चूक.

‘तारण’कडे येऊ. तारणे म्हणजे पार नेणे, बुडू न देणे. देव तारी त्याला कोण मारी. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात (१:२१) मुलाचे नाव येशू ठेवायला सांगितले, कारण तो लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. मूळ हिब्रू नावातच ‘यहोवा तारतो’ हा अर्थ आहे. सोसायटीच्या पाटीवरचे तारण ओळखायचे ते क्रियापदावरून. तिथे वस्तू तारण ‘ठेवतात’, सोसायटी तारण ‘घेते’. इथे माणसाचे तारण ‘होते’, माणूस तारण ‘पावतो’. क्रियापद चोख असेल तर गैरसमजाला जागा नाही. काही वक्ते दोन्ही अर्थ जुळवून ‘येशू आमच्यासाठी तारण राहिला’ म्हणतात, पण मोल भरून सोडवण्याची कल्पना बायबलात दुसऱ्या शब्दाने येते : ‘खंडणी’ (मार्क १०:४५). कैदी किंवा गुलाम सोडवायला दिलेले मोल, हा ग्रीक शब्दाचा अर्थ. आज खंडणी म्हटले की धमकावून उकळलेला पैसा आठवतो, म्हणून नव्या लिखाणात ‘सोडवणुकीचे मोल’ लिहिणे बरे. कोकणीत तारणाऱ्याला ‘सोडवणदार’ म्हणतात, तो फार सुंदर शब्द आहे.

‘मोक्ष’ नको, कारण तो जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचा शब्द आहे. ख्रिस्ती शिकवणीत मरण एकदाच, मग न्याय (इब्री ९:२७), आणि शेवटी शरीरासह पुनरुत्थान. हिंदू परंपरेतले शब्द घेण्याची वाट जुनी आहे. १६१६ च्या क्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. पण मोक्षाला चिकटलेला अर्थ इतका घट्ट आहे, की तो पुसून नवा भरता येत नाही. ‘मुक्ती’ चालते, ‘पापापासून’ हे जोडून.

राहिले ‘निवडा’. इथे व्याकरणाखाली शतकानुशतकांचा वाद आहे. इफिसकरांस पत्रात (२:८) तारण कृपेने झाले आहे, ते देवाचे दान आहे. दान कुणी निवडत नाही. ते घेतो किंवा नाकारतो. निवडण्याचे काम बायबलात पुष्कळदा देवाचे (योहान १५:१६). माणसाला निवड सांगितली आहे ती ‘कोणाची सेवा करणार’ (यहोशवा २४:१५) किंवा ‘जीवन’ (अनुवाद ३०:१९) याची. सोळाव्या शतकातले प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन यांच्या परंपरेत, १६१८-१९ साली हॉलंडमध्ये भरलेल्या डॉर्ट धर्मसभेने ठरवल्याप्रमाणे, ही निवड देवाची आणि तिला माणसाची पात्रता किंवा आधी दिसलेला विश्वास हे कारण नाही. कॅथलिक पंथाने १५४७ साली ट्रेंट परिषदेत सांगितले, की कृपा पुढाकार घेते, पण माणसाची इच्छा तिला होकार देते किंवा तिला झिडकारू शकते. पुढे मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनीही कृपा सर्वांसाठी आहे आणि ती नाकारता येते असे शिकवले. बेळगावात १८२० पासून लंडन मिशनचे आणि नंतर मेथॉडिस्टांचे काम चालले, त्यामुळे इथल्या प्रोटेस्टंट सभांत वेस्लींचा सूर अधिक ऐकू येतो. ‘निवडा’ त्यातूनच आला असावा. तो भाव ‘स्वीकारा’ने नीट पोचतो आणि देणारा कोण हेही विसरले जात नाही.

‘रक्षण’ मात्र घेऊ नका. कन्नड ‘रक्षणे होंदु’चे मराठी ‘तारण पावणे’. ‘होंदु’ आणि ‘पावणे’ एकमेकांना तंतोतंत जुळतात, ‘रक्षणे’ आणि ‘रक्षण’ जुळत नाहीत. मराठीत रक्षण शेताचे, सीमेचे; बुडालेल्याला बाहेर काढणे त्यात येत नाही. कन्नडातल्या ‘रक्षक’लाही मराठीत ‘तारणारा’ म्हणावे. पत्रकाच्या ओळी अशा छापता येतील : “येशूने तुमच्या-आमच्या पापांबद्दलचे अर्पण म्हणून आपण होऊन प्राण दिला. तो तुमच्या पापांची क्षमा करील. त्याच्यावर विश्वास ठेवा आणि तारण पावा.”