आबांचं ‘चालंल’ समजून घ्यायचं असेल तर

प्रश्न : सर, मी पशुवैद्यकीय पदवीच्या चौथ्या वर्षाला आहे. आमचं गाव माण तालुक्यात. आबा (आजोबा) आणि काका अजूनही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन वाड्याबरोबर (मेंढपाळांच्या फिरत्या तांड्याबरोबर) बाहेर पडतात. मला प्राणीकल्याण या विषयात पुढे शिकायचं आहे. वर्गातली मुलं म्हणतात, मेंढपाळ निर्दयी असतात, तुझ्याच घरी बघ. आणि हे साफ खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही. गेल्या सुट्टीत आमची भुरी मेंढी पुढचा पाय टेकवत नव्हती. मी आबांना म्हटलं, हिचा खूर बघा. ते म्हणाले, ‘चालंल ती.’ पण हेच आबा पावसात कोकरं मेली तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. मग त्यांना जनावराची कळ आहे की नाही? घरचे म्हणतात, एमपीएससी दे, पशुधन विकास अधिकारी हो. प्राणीकल्याण शिकून पोट भरत नाही. मी काय करू?

उत्तर : तू करिअरचा प्रश्न विचारलास, पण त्याआधी आबांचा विचारलास. मीही आबांपासूनच सुरुवात करतो, कारण तुझा अभ्यासविषय तिथेच बसला आहे.

प्राणीकल्याण म्हटलं की बहुतेकांना वाटतं, माणसाच्या मनात जनावराबद्दल माया किती, एवढंच बघायचं. तसं नाही. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला आणि पुढे १९७९ मध्ये तिथल्या पशुकल्याण परिषदेने पाच मुक्तता मांडल्या : भूक-तहान, गैरसोय, दुखणं-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, शिवाय आपल्या जातीला साजेसं वागण्याची मोकळीक. यातली बरीच मोजमापं थेट मेंढीच्या अंगावर घेता येतात. खूर बघायचा, पाठीवर हात फिरवून हाडं किती लागतात ते बघायचं, लोकर बघायची, पापणी उलटून रंग बघायचा. मालकाची माया त्या तक्त्यात कुठेच नसते.

मग मालकाच्या मनाचा अभ्यास कशाला करायचा? तर खुराकडे नजर जाते की नाही, हे त्याच्या मनावर ठरतं म्हणून. ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ आणि ग्रॅहम कोलमन यांनी डुकरं आणि दुभत्या गायींवर बरीच वर्षं काम केलं. सांभाळणाऱ्याची जनावराबद्दल जी समजूत असते, तिच्याप्रमाणे त्याचा हात चालतो. हात जसा चालतो तसं जनावर भितं किंवा भीत नाही. आणि भ्यालेलं जनावर दूधही कमी देतं, अशी साखळी त्यांनी दाखवली. समजूत बदलायचं प्रशिक्षण दिलं की हातही बदलतो, हेही दाखवलं. पुढे मेलबर्न विद्यापीठाच्या गटाने हाच प्रश्न व्हिक्टोरिया राज्यातल्या मेंढीपालकांना लावला. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेली गोष्ट साधी होती : कळपाची तपासणी करणं महत्त्वाचं आहे असं मनापासून मानणारे पालक खरोखर जास्त तपासणी करतात, आणि त्यांच्या कळपात उपचाराची गरज असलेल्या मेंढ्या कमी सापडतात.

आता हे जसंच्या तसं माणला आणून लावू नकोस. तिथे कुंपण घातलेल्या माळावर हजारो मेंढ्या, आणि माणसाचा हात वर्षातून मोजक्या वेळा लागतो. आबांच्या कळपात शे-दीडशे जीव, आणि आबा रात्री वाघरीच्या (मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या) कडेला झोपतात. ‘तुम्ही मेंढ्या किती वेळा बघता?’ हा तिथला प्रश्न आबांना विचारलास तर त्यांना तो समजणारच नाही. त्यांच्यासाठी वेगळे प्रश्न लागतील, आणि ते अजून कुणी नीट तयार केलेले मला दिसत नाहीत. म्हणून तुझं पत्र वाचून मला आनंद झाला.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या घरच्यांना भेटायला मी फलटणजवळ एका वाड्यावर गेलो होतो. ऊस तुटून गेलेल्या रानात वाघरी लावलेल्या. दिवस मावळताना मेंढरं चरून आली आणि कोकरांचा एकच गलका उठला. घरची बाई एकेक कोकरू उचलून ज्याच्या त्याच्या आईखाली सोडत होती. अंधार पडत होता, कुणाला खूणगाठ बांधलेली नव्हती, पण तिची एकदाही चूक झाली नाही. एक पहिलारू मेंढी पिलाला अंगाला लागू देत नव्हती. बाईने तिला गुडघ्यात धरलं, सडातून दोन धारा काढून कोकराच्या पाठीवर चोळल्या आणि मेंढीचं तोंड तिथे नेलं. मेंढी पिलाला वासाने ओळखते, जन्मानंतरचे पहिले काही तास त्यासाठी मोलाचे असतात, हे तू पुस्तकात वाचलं असशील. एडिंबरोच्या कॅथी ड्वायर यांनी आई-कोकराच्या या नात्यावर खूप संशोधन केलं आहे. त्या बाईने ते हाताने केलं.

त्याच वाड्यात एक मेंढी लंगडत होती. मी घरधन्याला विचारलं, उद्या हिला थांबवता येणार नाही का? तो म्हणाला, ‘रानमालकाला शबुद दिलाय.’ दुसऱ्या दिवशी बारा-पंधरा किलोमीटरवरच्या शेतात मेंढरं बसवायची होती. लेंडीखताच्या बदल्यात धान्य आणि पैसे ठरले होते, रात्र चुकली की ते गेले. त्याला मेंढीचं दुखणं दिसत नव्हतं असं नाही. त्या दुखण्यावर काही करणं आपल्या हातात आहे, असं त्याला वाटत नव्हतं.

तुझ्या प्रश्नाची गाठ इथे सुटते. आयसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये माणसाच्या वागण्याचा एक सिद्धांत सविस्तर मांडला. माणूस एखादी गोष्ट करील की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं : त्या गोष्टीबद्दल त्याला स्वतःला काय वाटतं, आपल्या माणसांत तिला काय म्हणतात, आणि ती आपल्याला जमेल असं त्याला वाटतं का. आबांचं ‘चालंल’ या तिन्हींपैकी कशातूनही आलेलं असू शकतं. लंगडणं हे दुखणंच नाही, असं त्यांना वाटत असेल. एका मेंढीसाठी वाडा थांबवला तर बाकीचे मेंढके हसतील, असं असेल. किंवा खूर कापून करायचं काय, पुढे चालायचंच आहे, असं असेल. पहिल्याला माहिती लागते, दुसऱ्याला वाड्यातला एखादा मानाचा माणूस तयार करावा लागतो आणि तिसऱ्याला रानमालकाशी बोलणारं, घोड्यावर किंवा टेम्पोत लंगड्या मेंढीला जागा करून देणारं कुणीतरी लागतं. वर्गातली मुलं तिन्हींना ‘निर्दयी’ म्हणून मोकळी होतात. डॉक्टरनेही तेच केलं तर त्याचा उपचार चुकणार.

शिवाय मेंढी दुखणं लपवते. भक्ष्य होणारा प्राणी आपलं दुबळेपण उघड करत नाही. २०१६ मध्ये क्रिस्टा मॅक्लेनन आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी तयार केली. डोळे, गाल, कान, ओठ आणि नाकपुड्या यांतले बदल बघून गुण द्यायचे. खूरसड आणि कासदाह झालेल्या मेंढ्यांवर ती तपासली. ही पट्टी एकदा आबांना दाखव. ‘कान पाडून उभी हाय’ हे वाक्य तू लहानपणापासून ऐकलं असशीलच. आबांकडे अशा किती खुणा आहेत, आणि त्यातल्या किती त्या पट्टीशी जुळतात, हा एम.व्ही.एस्सी.च्या (पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाचा विषय होऊ शकतो. मी हे गंभीरपणे सांगतो आहे.

पावसाचंही बघ. डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि थंडीने जुन्नर, आंबेगाव, शिरूर, नगर भागात एका-दोन रात्रीत शेकडो मेंढ्या दगावल्या. भिजलेली लोकर, उघडं रान, गार वारा. तिथे कुणाचा दृष्टिकोन सुधारून काय झालं असतं? छप्पर नव्हतं. बंदिस्त पालनात छप्पर असतं, पण चालणं, चरणं, कळपाने फिरणं जातं. पाच मुक्ततांच्या पट्टीवर वाडा एका ठिकाणी कमी पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी बंदिस्त गोठ्याच्या कितीतरी पुढे असतो. हे सांगणारी वाड्यातली पोरगी या विषयात हवी, असं मला फार वाटतं.

आता पोटाचं. घरचे चुकीचं सांगत नाहीत. ‘प्राणीकल्याण अधिकारी’ अशा नावाने भरपूर जाहिराती निघतात, असं आपल्याकडे नाही. म्हणून नावामागे जाऊ नकोस, रस्ता बघ. इंटर्नशिप धरून पदवी साडेपाच वर्षांची, त्यानंतर एम.व्ही.एस्सी. दोन वर्षांची. विस्तार शिक्षण (पशुपालकांपर्यंत ज्ञान पोहोचवण्याचा विषय) किंवा पशुधन उत्पादन व्यवस्थापन, यांपैकी एक घे. तुझा प्रश्न माणसाचा आहे, तेव्हा माझं मत विस्तार शिक्षणाकडे झुकतं. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाबरोबर बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या आयव्हीआरआयचाही (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचाही) अर्ज भर. बाहेर शिकायचं तर एडिंबरो विद्यापीठात प्राणी वर्तन व कल्याण या विषयातली पदव्युत्तर पदवी आहे. भटक्या जमातींसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. जागा मोजक्या असतात, अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाच.

एमपीएससीही दे. पशुधन विकास अधिकारी म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात बसलीस की पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस टोचायला तूच वाड्यावर जाशील, आणि मेंढपाळ लस का टाळतो हे तिथेच कळेल. ती नोकरी आणि हा अभ्यास एकमेकांच्या आड येत नाहीत. सरकारी नोकरीबाहेरही वाटा आहेत : फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, जिने सुंदरबनातल्या गारोल मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढीची जात तयार केली, किंवा महिला पशुवैद्यकांनी उभी केलेली, धनगरांबरोबर काम करणारी पुण्याची ‘अंथ्रा’ ही संस्था. पदवीच्या सुट्टीतच तिथे जाऊन ये. जुळी झाली की दूध पुरतं का, दुसरं कोकरू कोण जगवतं, हे विचार. कल्याणाचा प्रश्न तिथेही आहेच.

पुढच्या सुट्टीत एक काम कर. वीस मेंढ्या निवड. प्रत्येकीची खालची पापणी उलटून रंग बघ. दक्षिण आफ्रिकेतून आलेला ‘फामाचा’ (FAMACHA) नावाचा पाच रंगांचा तक्ता कॉलेजात मिळाला तर घेऊन जा. रक्त पिणाऱ्या जंतांनी मेंढी किती फिकी पडली ते कळेल. पाठीवर हात फिरव, चाल बघ, सगळं वहीत लिही. आबांना काही विचारायच्या आधी हे झालं पाहिजे, नाहीतर त्यांची उत्तरं ऐकून तुझी नजर झुकेल. मग दोन-तीन दिवस ते काय करतात ते फक्त लिही. सगळ्यात शेवटी बोल, आणि तेही कातरणीच्या वेळी, हातात कागद न धरता. ‘जनावरावर माया आहे का?’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर सगळे सारखंच देतात. ‘मागच्या वेळी लंगडी मेंढी कधी थांबवली होती, आणि कशामुळे जमलं?’ असं विचार.

काकांच्या मेंढ्या वेगळ्या लिही, आबांच्या वेगळ्या. तू घरची आहेस, त्यामुळे आबांना सांभाळून घ्यायचा मोह होईल. म्हणून शेजारच्या वाड्यातल्या वीस मेंढ्या एखाद्या मैत्रिणीकडून तपासून घे आणि आकडे शेजारी ठेव.

वही झाली की मला पाठव. आणि भुरीचा खूर कुणी बघितला का, तेही लिही.