बेअरिंग बदलण्यासाठी २३ हजारांची टूल्स घ्यावीत का?

मुलुंडच्या एका वाचकांनी विचारलं आहे: २०१३ ची हॅचबॅक, ९० हजार किलोमीटर झालेली, पुढच्या चाकांकडून घुंऽऽ असा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, पुढची दोन्ही व्हील बेअरिंग (चाक सहज फिरू देणारे भाग) बदला. एक बेअरिंग २,२०० रुपये, मजुरी चाकामागे २,५००, एकूण ९,४००. त्याऐवजी हायड्रॉलिक प्रेस (बेअरिंग जोराने दाबून बसवणारं यंत्र), पुलर, सॉकेट, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आणि जॅक स्टँड मिळून २३,००० रुपयांची टूल्स क्रेडिट कार्डाच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर घ्यायची आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम स्वतः करायचं, असा त्यांचा विचार आहे. टूल्स कायमची घरात राहतील, हा त्यांचा मुद्दा. बँकेत ६० हजार शिल्लक आहे, घरखर्च महिना ५५ हजार.

नमस्कार. टूल्स घेऊ नका, आणि दोन्ही बेअरिंगही लगेच बदलू नका.

घरी काम केलं तरी बेअरिंग विकत घ्यावंच लागणार. वाचते ती फक्त मजुरी, चाकामागे २,५००. म्हणजे २३ हजार वसूल व्हायला नऊ चाकं करूनही थोडे पैसे बाकीच राहतात. तुमच्या गाडीला चाकं चार. नीट बसवलेलं बेअरिंग लाखभर किलोमीटर सहज जातं, आणि २०२८ मध्ये गाडीला १५ वर्षं पूर्ण होतील. तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणाचे ५,००० रुपये, वर पर्यावरण कर, असा खर्च समोर येईल. ही गाडी पुढे ठेवायची का, हेच अजून ठरलेलं नसताना तिच्यासाठी प्रेस घेणं मला पटत नाही.

आता आवाजाकडे या, कारण खरी बचत तिथे आहे. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रस्ता मोकळा असेल तेव्हा ६० च्या वेगाने सावकाश वळण घेताना कान द्या. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर, उलट झालं तर उजव्या. काँक्रीटवर एक आवाज आणि डांबरावर वेगळाच येत असेल, तर बेअरिंग सोडा, आधी टायर बघा. वेडेवाकडे झिजलेले टायर अगदी असेच घुमतात. पुढचे टायर मागे टाकून पाहा. आवाजही मागे गेला तर बेअरिंगचा खर्चच वाचला. बेअरिंगच असेल, तर गॅरेजमध्ये गाडी उचलून घ्या, चाक एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरून ठेवा. खराब बाजूची खरखर हाताला जाणवते. दोन्ही बेअरिंग जोडीनेच बदलावी लागतात असं नाही. एकच बदललं तर बिल ४,७००.

अंधेरी सबवे किंवा हिंदमातासारख्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर बेअरिंगचं सील ओलांडून पाणी आत गेलेलं असू शकतं. तेव्हा मात्र दोन्ही बाजू नीट तपासून घ्या. झिजेचा हा खर्च विम्यात मिळत नाही.

काम घरी करण्यातली जोखीमही पैशातच मोजावी लागते. पुढचं बेअरिंग नकलमध्ये (चाकामागचा, बेअरिंग धरून ठेवणारा धातूचा भाग) दाबून बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यावा लागतो. तो आतल्या रिंगवर पडला तर बेअरिंगमधल्या गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात, आवाज पुन्हा सुरू होतो आणि २,२०० रुपये पुन्हा जातात. बेअरिंगची एबीएससाठीची (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) चुंबकी बाजू उलटी बसली तर एबीएस चालत नाही, आणि बेअरिंग पुन्हा बदलावं लागतं. ॲक्सल नट (चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट) ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळला गेला नाही तर बेअरिंग ढिलं पडतं, आणि त्या गाडीत तुमची माणसं बसणार आहेत. याला मी आकडा लावू शकत नाही.

तरीही हात घालायचाच असेल तर एक मधला मार्ग आहे. नकल काढून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या आणि बेअरिंग तिथे दाबून घ्या. प्रेस विकत घ्यावा लागणार नाही. पण स्ट्रटचे (शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा खांब) बोल्ट सोडले तर नंतर चाकांचं अलाइनमेंट करावं लागेल, तो खर्च धरा.

हप्त्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. ‘नो कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी म्हटल्या जाणाऱ्या हप्त्यांतही बहुधा प्रोसेसिंग फी लागते, बँकेने हिशेबात धरलेल्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि रोखीची सवलत बहुधा हातची जाते. एखाद्या महिन्यात पूर्ण बिल भरता आलं नाही, तर उरलेल्या रकमेवर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. तुमची सगळी शिल्लक जेमतेम एका महिन्याच्या खर्चाएवढी आहे. हे २३ हजार आधी त्या शिलकीत जायला हवेत. निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवा हप्ता नको.

बेअरिंग गॅरेजकडूनच घ्या. आपण आणलेल्या पार्टवर मजुरीची हमी सहसा कोणी देत नाही. नामांकित कंपनीचं, सीलबंद खोक्यातलं घ्या, जुनं परत मागा आणि हमीची मुदत बिलावर लिहून घ्या. आवाज बेअरिंगचाच ठरला तर हे काम याच आठवड्यात करा. तोवर हायवेवर वेगाने जाऊ नका.

शिकण्याची तुमची हौस मला मनापासून आवडली. चांगले जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच बोनसच्या पैशातून रोखीने घ्या, आणि ब्रेक पॅडपासून सुरुवात करा. ते काम पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे ती टूल्स खरोखर वापरली जातील.